सहा चौकोनांचं खोकं



पुस्तकातल्या घनाची मागची बाजू दिसत नाही. म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी चौथीच्या लेकरांसाठी संगणकावर एक खेळ तयार केला.

जिओजेब्रा हे साधन 2001 साली ऑस्ट्रियातील मार्कस होहेनवार्टर यांनी सुरू केले. ते फुकट मिळते. त्यात घन काढला की बोटाने फिरवता येतो. सरकपट्टी ओढली की खोके उलगडते आणि सहा चौरसांची घडण दिसते.

खेळ असा आहे. सहा चौरस कडेला कडा लावून 35 प्रकारे जोडता येतात. फिरवलेली किंवा उलटी केलेली आकृती एकच धरायची. त्यांपैकी फक्त 11 आकृत्यांचा घन होतो. त्या कोणत्या, ते ओळखायचे. गुरुजी म्हणाले, "आधी उत्तर, मग पट्टी." म्हणून उत्तर दिल्याशिवाय पट्टी दिसतच नाही. नाहीतर पोरं नुसती पट्टी ओढत बसतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. आम्हीही आमच्या खेळाचा कोड वह्यांवर चिकटवायचे ठरवले. हे ऐकून आजी म्हणाली, "अन् ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्या लेकरानं काय करा?"

आमच्या घरी मोबाइल एकच. तो बाबांसंगं वावरात जातो अन् दिवे लागल्यावर परत येतो. माझी बहीण चौथीत आहे. खेळ तिच्यासाठी, पण तिच्याच हाती येणार नव्हता.

मग आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून त्याच 35 आकृत्या कापल्या. बहीण घड्या घालत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "भाऊ, जिथं चार चौकोन एका जागी भेटतात ना, तिथं खोक्याचा कोपराच होत नाही!" खरेच होते. घनाच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीनच पृष्ठे मिळतात. चार मिळाली की कागद सपाट राहतो. तिचा हा नियम आम्ही संगणकाच्या खेळातही सूचना म्हणून घातला.

मला वाटते, पडद्यावर घन चहूबाजूंनी दिसतो आणि कागदावर तो हाताला कळतो. दोन्ही असले म्हणजे कोणतेच लेकरू मागे राहत नाही.

या फलकाखाली डब्यात त्या आकृत्या ठेवल्या आहेत. पालकांनीही हात लावून पाहावे. पण आधी उत्तर सांगायचे, मग घडी घालायची बरं का!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी, पिंपळगाव राजा