पट्टे जुळले का?

माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत फोमचा एक तुकडा आहे. तळहाताएवढा, सहा मिलिमीटर जाड, फिकट करडा, मधोमध एक काळा पट्टा. बाणेरच्या ऑफिसात चार्जर शोधताना तो बाहेर पडतो आणि कुणीतरी विचारतं, 'हे काय, योगा मॅट कापलीस का?' मी सांगते, 'नाही, बोटीच्या झाकणाचा आहे.' पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'कसली बोट?' मग सगळं सांगायला अर्धा तास लागतो आणि स्टँडअप मीटिंग पंधरा मिनिटांची असते. म्हणून इथे लिहिते आहे.

बोट माझ्या मामाची. दापोलीजवळ हर्णैला त्याची दोन सिलिंडरची फायबरची बोट आहे. त्यावर मामा आणि चार खलाशी असतात, त्यांतले दोघे नेपाळचे. डेकच्या पोटात तीन खण. त्यात बर्फ आणि मासळी. प्रत्येक खणावर एक चौकोनी झाकण, ते उचलून बाजूला ठेवायचं. झाकणं फायबरचीच, पण आत पोकळी असते आणि त्या पोकळीत पफ भरलेला असतो, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम. बर्फ टिकतो तो या पफमुळे. झाकणाची वरची बाजू मात्र गुळगुळीत. त्यावर मासळीचं पाणी पडतं, बर्फ सांडतो, खवले चिकटतात. आणि रात्रभर त्यावरूनच चालायचं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मामा या झाकणावरून पडला. उजवं मनगट मोडलं, नडगी खणाच्या कडेवर आपटून सोलून निघाली. आईचा फोन आला तेव्हा मी एका रिलीजच्या गडबडीत होते. आई म्हणाली, 'मामा बोटीवर पडला गं.' मी विचारलं, 'घसरला?' ती म्हणाली, 'असेल.' ते 'असेल' माझ्या डोक्यात 'हो' म्हणून नोंदलं गेलं.

मामाचं आणि माझं एक जुनं खातं आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांची कंपनी बंद पडली आणि त्या वर्षीची फी मामाने भरली. सुरमईच्या पैशांतून. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. नोकरी लागल्यावर मी पैसे परत द्यायला गेले तर तो म्हणाला, 'ठेव, बोटीला कधी लागले तर मागेन.' मागितले कधीच नाहीत. त्यामुळे मनगटाची बातमी आली तेव्हा मला वाटलं, आता बोटीला काहीतरी लागलं आहे.

मला बोटी अगदीच अनोळखी नव्हत्या. मी सीओईपीची. तिथला बोट क्लब १९२८ सालचा, आणि मुळा नदीत मी तीन वर्षं वल्ही मारली आहेत. शर्यतीच्या बोटीत शिरताना पहिलं शिकवतात ते पाय कुठे ठेवायचा हे. एवढीशी जागा असते, बाकी कुठेही वजन टाकलं तर तळ फुटतो. पण हर्णैच्या बोटीवर, ती पाण्यात असताना, मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. आमच्या घरातल्या बायका मासळी विकतात, वाळवतात, हिशेब ठेवतात. बोटीवर जात नाहीत. मी बोट पाहिली होती ती लांबून, सुवर्णदुर्गाच्या बाजूला नांगरलेली, नाहीतर पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेली.

मग मी जे आपण सगळे करतो तेच केलं. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले. परदेशातल्या हौशी लोकांच्या पांढऱ्याशुभ्र बोटी, आणि त्यांच्या डेकवर, झाकणांवर चिकटवलेला ईव्हीए फोम. एथिलीन व्हायनिल अॅसिटेट. नाव अवघड असलं तरी वस्तू तुमच्या पायाखालचीच आहे. पळायच्या बुटांच्या तळव्यात, रबरी वाटणाऱ्या हलक्या चपलांत, लहान मुलांच्या कोड्यासारख्या जोडायच्या मॅटमध्ये हाच असतो. स्पंजात छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तो पाणी पितो. ईव्हीएमध्ये प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र आणि बंद असतो, म्हणून पाणी आत जात नाही. वरून तो थोडा खरवडलेला असतो, त्यामुळे ओला पाय धरून ठेवतो. मागे गोंद लावलेला असतो. कागद सोलायचा आणि चिकटवायचा.

मी एक शीट मागवलं. तपकिरी, त्यावर दोन-दोन इंचांवर काळे पट्टे, सागवानी डेकसारखं दिसणारं.

जुलैत ते घेऊन ताम्हिणीतून उतरले. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर, म्हणजे माझ्या हिशेबाने कामाला सगळ्यात सोयीचे दिवस. मामाने शीट उलगडून पाहिलं, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागला.

'फटी रंगवल्यायत?'

मला कळायला वेळ लागला. आजोबांची बोट लाकडी होती. लाकडी बोटीत फळीला फळी लागते तिथे फट राहते. त्या फटीत कापूस ठासायचा, वरून राळ भरायची, आणि हे दर वर्षी. मामाचं सगळं लहानपण प्रत्येक पावसाळ्यात फटी भरण्यात गेलं होतं. मोठ्या जहाजांच्या सागवानी डेकवर दिसणारे काळे पट्टे म्हणजे अशाच भरलेल्या फटी. एके काळी सागवानाला पर्याय नव्हता. लाकडातल्या तेलामुळे ते कुजत नाही आणि ओलं झालं तरी पाय धरतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागवानाचं बांधलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. नंतर फायबर आलं. त्याला फटीच नाहीत. आणि आता मी पैसे मोजून फटींचं चित्र आणलं होतं.

'दिसायला बरं दिसतं म्हणून असतं,' मी म्हटलं.

'रात्री दोन वाजता कोण बघतंय?' मामा म्हणाला. पण चिकटवू दिलं. मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं, तरी त्याने ताडपत्री धरून ठेवली.

गणपतीत गेले तेव्हा दोन झाकणांवरचा फोम कडेने उचकटला होता आणि तिसऱ्या झाकणावर तो नव्हताच. मामा काही बोलला नाही. उचकटलेल्या कोपऱ्यात खलाशाचा अंगठा अडकून तो पडता पडता वाचला, हे मामीने सांगितलं. म्हणजे पाय घसरू नये म्हणून लावलेल्या वस्तूने एक माणूस पाडलाच असता. मी ती झाकणं बघत उभी राहिले. कोडमधली चूक असती तर एका कमांडने मागे घेतली असती.

चुका काय झाल्या ते पुण्यात येऊन वाचलं, आधी वाचायला हवं होतं. असा गोंद दाबाने बसतो आणि पृष्ठभागावरच्या बारीक खाचांत हळूहळू उतरतो. त्याला कोरडी, स्वच्छ जागा आणि किमान एक दिवसाची विश्रांती लागते. कोकणातल्या जुलैमध्ये ताडपत्रीखालचं फायबरसुद्धा दमट असतं. शिवाय त्यावर वर्षानुवर्षांचं मीठ आणि मासळीचं तेल. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि तेलावर काहीच चिकटत नाही. कोपरे मी काटकोनात कापले होते, आणि सोलणं नेहमी टोकदार कोपऱ्यापासूनच सुरू होतं. फोम अगदी कडेपर्यंत नेला होता, त्यामुळे झाकण उचलताना प्रत्येक वेळी बोटं त्याच्याखाली जात होती.

मी यादी केली आणि मामाला फोन लावला. 'या वेळी नीट करते. पूर्ण डेकलाच लावू का? म्हणजे तू कुठेच घसरणार नाहीस.'

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

'बाय, मी घसरलो नव्हतो.'

'म्हणजे?'

'झाकण नीट बसलं नव्हतं. बसायच्या खाचेत बर्फाचा खडा राहिला होता. एक बाजू अर्धा इंच वर. अंधारात दिसलं नाही, पाय ठेवला, झाकण फिरलं, मी अर्धा खणात.'

मी विचारलं, 'आधी का नाही सांगितलंस?'

'तू विचारलंस कुठे? फोमच घेऊन आलीस.'

सात महिने. पगार घेऊन मी जे काम करते त्यातला पहिला धडा हा आहे की, समोरच्याला काय हवं आहे ते आधी विचारायचं. कंपनीत त्यासाठी वेगळे लोक आहेत, फॉर्म आहेत, आम्ही त्यावर दर दोन आठवड्यांनी चर्चा करतो. आणि ज्या माणसाने माझी फी भरली, त्याला मी हा एक प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं. मला फेड करायची होती, आणि तीही लवकर.

एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा गेले. या वेळी दिवस मामाने ठरवला. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ कमी, बोट खाडीत उभी, आकाश कोरडं. मी पहिल्यांदा बोट पाण्यात असताना तिच्यावर चढले. कुणी काही म्हणालं नाही. मामाने फक्त दाखवलं, 'इथे पाय ठेव.'

आधी त्याच्यामागे फिरून सगळं विचारलं. पूर्ण डेकला फोम नको, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. डेकवर जाळी ओढली जाते, गळ आणि कोयते पडतात, डिझेल सांडतं. फोम एका महिन्यात फाटेल. तिथे ते जुन्या जाळ्याचा तुकडा अंथरतात. पाय धरतो, धुता येतो, फाटला की टाकून दुसरा. फुकट. गडद रंग नको, कारण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. फोम हवा होता तो झाकणांवर, झाकणांभोवती वीतभर, आणि सुकाणूपाशी, जिथे मामा आठ-आठ तास उभा राहतो.

या वेळी मी फिकट करड्या रंगाचं शीट नेलं होतं. पट्टे त्यावरही होतेच, साधं मिळालं नव्हतं. मी ते झाकणावर आडवं धरून माप घेत होते, तेव्हा मामा म्हणाला, 'थांब. हे पट्टे झाकणावरून बाहेर डेकवर सरळ नेता येतील?'

'येतील. का?'

'झाकण बसलं की पट्टे जुळतील. नाही बसलं तर तुटलेले दिसतील. बत्तीच्या उजेडातसुद्धा.'

मी काही न बोलता बसून राहिले. ज्या फटींना तो हसला होता, त्याच फटींचा त्याने गेज करून टाकला होता. झाकण एका बाजूने अर्धा इंच जरी उचललेलं असेल, तरी उभ्या माणसाला तिरक्या नजरेने काळी रेघ मोडलेली दिसते. करड्यावर काळं, म्हणून अंधुक उजेडातही दिसते. सेन्सर नाही, बॅटरी नाही, अॅप नाही.

दोन दिवस काम चाललं. गोड्या पाण्याने धुणं, साबण, सुकवणं, मग फायबरवर अॅसिटोनचा एक हात. पुठ्ठ्याचे साचे कापले. कोपऱ्यांना वाटीची गोलाई दिली. झाकणाच्या कडेपासून फोम एक बोट आत ठेवला, हाताची खाच मोकळी सोडली, आणि झाकण जिथे टेकतं तिथे काहीच लावलं नाही, नाहीतर झाकण आणखी वर राहिलं असतं. सगळ्यात आधी झाकणं जागेवर बसवून, झाकण आणि डेक यांवरून एकच सरळ दोरी ताणून, खडूने रेघा मारल्या. एक पट्टा दोन मिलिमीटर सरकला तेव्हा मी म्हटलं, 'चालेल.' मामा म्हणाला, 'नाही चालणार.' सोलून पुन्हा लावला. शेवटी नारळ वाटायच्या वरवंट्याने सगळं दाबून घेतलं. मामीने तो परत घेण्याआधी तीनदा धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणालाही त्यावर पाय ठेवू दिला नाही.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. ३१ मेपर्यंतचा हंगाम गुंडाळून बोटी आधीच आत घ्याव्या लागल्या. मामाचे ते दहा-बारा दिवस बुडाले, त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. त्याच दिवसांत, २९ मेला, नौदलाची 'तारिणी' गोव्यात परतली. दिलना आणि रूपा या दोन महिला अधिकारी शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या होत्या. ती छप्पन्न फुटी बोटही फायबरची, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. मामाने मला व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं : 'यांच्या डेकला काय लावलंय बघ.'

मी झूम करून बघितलं. नीट दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. महिन्याभराने त्याचा एक व्हॉइस मेसेज आला. इंजिनचा आवाज, वारा, कुणीतरी बर्फ फोडतंय. मेसेज बहुधा चुकून सुरू झाला होता, कारण तो माझ्याशी बोलतच नव्हता. खलाशांना ओरडून विचारत होता, 'पट्टे?'

आणि लांबून एक नेपाळी आवाज, आमच्या हर्णैच्या हेलात : 'जुळले!'

मग झाकणावर पाय पडल्याचा आवाज, आणि मेसेज संपला.