आजीचा दुसरा डोस

२०२१च्या एप्रिलमध्ये नातेपुत्यात आजीने कोविशील्डचा पहिला डोस घेतला. रात्री तिला हुडहुडी भरली, ताप चढला. मोबाईलवर काहीबाही वाचून मी मेडिकलमधून व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेऊन आलो. आजीने एक चोखली. "ग्वाड हाय, पण थंडी काय जाईना," म्हणाली. लसीच्या वेळी दिलेली पॅरासिटामॉल मात्र माझ्या खिशातच राहिली होती. ती दिल्यावर पहाटे ताप उतरला. पण आजीने ठरवून टाकलं : आता दुसरी सुई नको.

जूनमध्ये शेळ्यांना आंत्रविषाराची लस द्यायला डॉक्टर आले. "यांना लिंबूपाणी पाजायचं का?" मी विचारलं. ते हसले. शेळी आपलं क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते, ताण आला की जास्तच. माणसाचं त्यासाठी लागणारं जनुक निकामी झालंय. आपल्याला ते खावंच लागतं.

मग मी नीट वाचलं. १९२८ साली आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गीने हा पदार्थ वेगळा काढला तो गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून. ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल सोडणारी ग्रंथी हीच, आणि तिच्यात क जीवनसत्त्वाचा मोठा साठा असतो. म्हणजे ताणाशी त्याचं नातं खरं आहे. पण बाईमाणसाची रोजची गरज ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. एक पेरू ती सहज भागवतो. जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. आणि आजीचा ताप काही कमतरतेचा नव्हता. लस ओळखून पेशींनी मेंदूला निरोप धाडला होता, अंग तापव म्हणून.

हे आजीला सांगितलं. "म्हंजी ताप आला तरच सुई लागू पडती व्हय?"

"न्हाई आला तरी पडती."

तिने बराच वेळ विचार केला. "त्या रात्री मला वाटलं, मी चालले. आन् तू मोबाईलमधी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुलैत ती दुसऱ्या डोसला आली. एरवी त्या दिवसांत माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते. सलग दुसऱ्या वर्षी तळ मोकळा होता. पादुका एसटीनं पंढरपूरला जाणार होत्या. रात्री आजीला थोडी कणकण आली. मी मोबाईल चार्जिंगला लावून तिच्या उशाशी बसलो, पेरू चिरून मीठ लावून दिला.

गोठ्यात शेळी ओरडली. आजी म्हणाली, "तिला म्हणावं, तुझ्यातलं थोडं आमास्नीबी दे."