चलो फोर्ट, शिक्का मारायला!

ऑफर लेटर आलं, पार्टी झाली, स्टेटस बदललं. आणि मग तिकडच्या एचआरचा मेल येतो : डिग्री आणि मॅरेज सर्टिफिकेट अटेस्ट करून पाठवा. आता हे कुठे करायचं? बाबा म्हणतात गॅझेटेड ऑफिसर, मित्र म्हणतो नोटरी, आणि ऑफिसातला सर्वज्ञ म्हणतो अपोस्टिल. शेवटचे दोघं थोडे थोडे बरोबर असतात, गोची तिथेच आहे.

तर मंडळी, वीकडेला अर्धी सुट्टी टाका आणि चर्चगेटला उतरा. ओव्हल मैदान ओलांडलं की समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि त्याच्या शेजारी हायकोर्टाची इमारत. दोन्ही इमारती १८७८ मध्ये पूर्ण झाल्या. २०१८ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एका इमारतीने तुमच्या डिग्रीला नाव दिलं, दुसरीच्या सावलीत त्या डिग्रीची ट्रू कॉपी होते. सोय आहे की नाही?

इथून काळा घोडा आणि पुढे किल्ला कोर्टापर्यंत काळ्या कोटांचं राज्य. झेरॉक्सवाले, टायपिस्ट, हिरवा लेजर पेपर, छोट्या टेबलांवर शाईचे पॅड. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन ही ओतीव लोखंडाची जुनी इमारत म्हणजे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलचित्रपट इथेच दाखवले गेले. नंतर कितीतरी वर्षं तिथे वकिलांची छोटी ऑफिसं होती. २०१९ मध्ये मोडकळीला आली म्हणून ती रिकामी करण्यात आली.

आता मुद्द्याचं. नोटरी म्हणजे १९५२ च्या नोटरी कायद्याखाली सरकारने नेमलेला वकील, साधारणपणे किमान दहा वर्षं प्रॅक्टिस केलेला. (महिला आणि मागासवर्गीयांसाठी सात.) तो ओरिजिनलशी ताडून कॉपी खरी असल्याचं लिहून देतो, किंवा ॲफिडेव्हिटवर, पॉवर ऑफ ॲटर्नीवर सही तुम्हीच केलीत याची ग्वाही देतो. बस्स, एवढंच. तुमची डिग्री खरी आहे की नाही, हे तो सांगत नाही. आणि नोटरीसमोर केलेलं लग्नाचं ॲफिडेव्हिट म्हणजे विवाह नोंदणी नव्हे!

चांगला नोटरी ओळखायचा कसा? ओरिजिनल मागतो, ओळखपत्र बघतो, रजिस्टरमध्ये नोंद करून तुमची सही घेतो. शिक्क्यावर त्याचं नाव आणि कार्यक्षेत्र असतं. 'तुम्ही कशाला येताय, व्हॉट्सॲपवर पाठवा, शिक्का मारून ठेवतो' असं कुणी म्हणालं तर सरळ कटिंग चहा प्या आणि पुढच्या टेबलावर जा. तिकडे कुणी तपासणी केली, तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, त्याला नाही.

पण बहुतेक देशांना फक्त नोटरी पुरत नाही, त्यानंतर राज्याचा शिक्का लागतो. डिग्रीसाठी शिक्षण खातं. जन्म-लग्नाच्या दाखल्यांसाठी गृह किंवा सामान्य प्रशासन विभाग. डिग्री ज्या राज्याची, शिक्काही त्याच राज्याचा. म्हणजे इंजिनीअरिंग बेळगावला केलं असेल, तर मुंबईत कितीही चकरा मारा, कागद कर्नाटकातच जाणार. जॉइनिंग डेटची वाट लागते ती इथेच. नोटरीच्या पाच कॉप्या घेऊन निर्धास्त बसलेल्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं, आणि तोवर तिकडे घर भाड्याने घेऊन झालेलं असतं, इकडे राजीनामा देऊन झालेला असतो.

शेवटचा टप्पा परराष्ट्र मंत्रालयाचा. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार सदस्य देशांत एकच अपोस्टिल चालतं, दूतावासाची वारी वाचते. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे. कागदाच्या मागे एक चौकोनी स्टिकर लागतो, त्यावर नंबर असतो. मंत्रालयाची फी प्रत्येक कागदाला ५० रुपये. कागद ठरवून दिलेल्या एजन्सीमार्फत जातात, त्यांचे पैसे वेगळे. म्हणून कुणी भरमसाट आकडा सांगितला, तर कशाचे किती ते आधी विचारा. आणि लक्षात ठेवा, अपोस्टिलही फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं, आतला मजकूर नाही.

यूएई, कतार या करारात नाहीत, तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का हवा. कॅनडा जानेवारी २०२४ पासून करारात आला, त्यामुळे त्याआधी गेलेल्या मित्राचा सल्ला आता जुना झाला. जर्मनीने तर भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतला होता. त्यामुळे पुण्याहून म्युनिकला निघालेल्यांनो, कुठलाही शिक्का मारण्याआधी तिकडच्या युनिव्हर्सिटीला किंवा कंपनीला एक मेल टाका : नेमकं काय हवंय? नोटराइज्ड कॉपी, ओरिजिनलवर अपोस्टिल, की आणखी काही?

दोन घरगुती टिप्स. सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, शिक्का कुठे मारणार? आणि पासपोर्टवरचं नाव, डिग्रीवरचं नाव, लग्नानंतरचं नाव एका ओळीत लिहून बघा. स्पेलिंगमध्ये एक 'ए' जरी जास्त निघाला, तरी आधी तो निस्तरा.

काम झालं की ओव्हलच्या कठड्याशी जरा टेका. क्रिकेट बघा. पण ओरिजिनलचा फोल्डर मांडीवरच ठेवा हं!