बांधावरची धामण

आमचे आजोळ कृष्णाकाठच्या एका लहानशा गावी होते. वैशाखात शाळेला सुट्टी लागली, की आम्ही भावंडे तेथे जात असू. आजोबांच्या शेताच्या कडेला दगडांची एक जुनी ताल होती आणि तिच्या सांदीत एक धामण राहत असे. रंगाने पिवळसर तपकिरी, डोळे मोठे व वाटोळे आणि लांबीला चांगली सहा-सात फूट. ती आडवी आली, की आजोबा थांबत, तिला वाट देत आणि मग पुढे जात. "तिची वाट आहे ती," एवढेच म्हणत.

गावातल्या मुलांनी मात्र तिच्याविषयी आम्हांला नाना गोष्टी सांगितल्या होत्या. ती म्हणे गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. तिच्या शेपटीचा तडाखा बसला, तर हातपाय झडतात! धामण बिनविषारी असते, आणि दूध पिणे हे सापाचे काम नव्हे, हे सांगणारे आमच्यांत कोणी नव्हते.

एके दिवशी दुपारी ती तालीवर ऊन खात पडली होती. आम्ही पाच-सहा जण होतो. पहिला दगड मी मारला. मग दगडांचा नुसता पाऊस पडला. थोड्या वेळाने सारे शांत झाले, आणि आपण मोठा पराक्रम केला, अशा थाटात आम्ही घरी आलो.

संध्याकाळी आजोबांनी विचारले, "पहिला दगड कोणी मारला?"

मी मोठ्या ऐटीत हात वर केला. मला वाटले, ते रागावतील किंवा शाबासकी देतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. कुदळ घेऊन ते शेतावर गेले, तिला पुरून आले आणि मला म्हणाले, "माघात हुरड्याला ये."

माघात मी हौसेने गेलो. शाळू टपोऱ्या दाण्यांनी भरला होता. पण बांधाजवळ पाहतो, तो ताटेच्या ताटे बुंध्याशी कुरतडून आडवी पडलेली आणि त्यांची कणसे नाहीशी झालेली! बांधाला ठिकठिकाणी बिळे पडली होती. आजोबांनी गड्याकडून त्यांतले एक बीळ खणून घेतले. हातभर खाली एक पोकळी लागली, आणि तीत कणसे अशी रचून ठेवलेली होती, की जणू उंदरांनी आपले पेवच भरले होते. एकाच बिळातून घमेलेभर कणसे निघाली. ते घमेले माझ्यापुढे ठेवून आजोबा म्हणाले, "मांजर बिळाच्या तोंडाशी बसते. धामण बिळात शिरते. ती आपली राखण करीत होती. तिने कधी पगार मागितला नाही, की सुट्टी मागितली नाही."

माझी मान खाली गेली. थोड्या वेळाने मी चाचरत विचारले, "आजोबा, एका धामणीने एवढा फरक पडतो?"

"एकटीने नव्हे," ते म्हणाले. "यंदा पाऊस चांगला झाला, रान माजले, त्यानेही उंदीर वाढले. पण गावाने दिसेल ती धामण मारली. अपशकुनी म्हणून वडाच्या ढोलीतले घुबडही हुसकून लावले. जमेची बाजू वाढत गेली आणि खर्चाची बाजू आपण पुसून टाकली. मग शिल्लक वाढणारच!"

त्या दिवशी आगटीतला गरम हुरडा मला गोड लागला नाही.

आजोबांच्या या जमाखर्चाचा अर्थ मला पुढे पुस्तकांतून अधिक उमगला. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून अवघ्या तीन आठवड्यांत विते. एका वेतात सात-आठ पिले सहज होतात, आणि तीही दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. हा गुणाकार असाच चालू राहिला, तर पिकाची धडगत नाही. साप, घुबडे, मुंगूस, कोल्हे हे त्या गुणाकारातील वजाबाकी होत. गंमत अशी, की ही वजाबाकीही बेताची असते. शिकार कमी झाली, की शिकाऱ्याची उपासमार होते. त्याची पिले कमी जगतात आणि उरलेल्या भक्ष्याला पुन्हा वाढण्यास सवड मिळते. दोघेही एकमेकांना मापात ठेवतात.

आमच्या बांधावर जे घडले, तेच फार मोठ्या प्रमाणावर दूर अमेरिकेत घडले होते. तेथील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडग्यांना दुष्ट ठरवून मारण्यात आले. 1926 पर्यंत तेथील लांडगे जवळजवळ नामशेष झाले. मग एल्क नावाची मोठी हरणे फार वाढली आणि ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांचे कोवळे कोंभ खाऊन टाकू लागली. शेवटी हरणांची संख्या कमी करण्यासाठी उद्यानाच्या रक्षकांनाच बंदुका उचलाव्या लागल्या. पुढे 1995 व 1996 या दोन वर्षांत कॅनडातून 31 लांडगे आणून तेथे सोडण्यात आले. त्यानंतर हरणे कमी झाली आणि काही ओढ्यांच्या काठी विलो पुन्हा उंच वाढू लागले. हे सारे एकट्या लांडग्यांनीच केले असे नव्हे. अस्वले, माणसांनी केलेली शिकार आणि दुष्काळ यांचाही त्यात वाटा होता. आजोबाही तेच म्हणाले नव्हते का, "एकटीने नव्हे"?

आज आजोबा नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता धामणीला अभय दिले आहे. पण कायदा काही प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. तेथे आपणच असतो. साप दिसला, तर त्याच्या जवळ जाऊ नये, त्याला डिवचू नये. तो विषारी की बिनविषारी, हे ओळखता येत नसेल, तर अधिकच दूर राहावे. मात्र दगड उचलू नये.

गेल्या वर्षी मी आजोळी गेलो होतो. त्या जुन्या तालीवर एक धामण ऊन खात पडली होती. माझी चाहूल लागताच तिने मान उचलली. मी जागच्या जागी उभा राहिलो. ती सावकाश दगडांच्या सांदीत दिसेनाशी झाली, तेव्हाच मी पुढे पाऊल टाकले. तिची वाट होती ती.