हातचा कधी घ्यायचा?



दर वर्षी एक तरी मूल विचारतंच, "सर, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असताना हा उभा गुणाकार कशाला शिकायचा?" मी त्याला फळ्यावर बोलावतो आणि १२३ × ४५ करायला सांगतो. अट एकच, हातचा घ्यायचा नाही. ज्या घरात जे येईल ते तसंच लिहायचं.

एककाच्या घरात ३ × ५ = १५. दशकाच्या घरात २ × ५ आणि ३ × ४ मिळून २२. शतकाच्या घरात १ × ५ आणि २ × ४ मिळून १३. हजाराच्या घरात १ × ४ = ४. रांग झाली ४, १३, २२, १५. आता उजवीकडून हातचे घ्या. १५ चे ५, हातचा १. २२ आणि १ तेवीस, त्याचे ३, हातचे २. १३ आणि २ पंधरा, त्याचे ५, हातचा १. शेवटी ४ आणि १ पाच. उत्तर ५५३५.

हातचा घेण्याआधीच्या त्या रांगेला इंजिनिअरिंगमध्ये कन्व्होल्यूशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, कृती आपलीच. दोनपैकी एक रांग उलटी करायची, दुसरीवरून एकेक घर सरकवत न्यायची, समोरासमोर आलेले आकडे गुणून बेरीज मांडायची. फोटोतले ठिपके पुसणं, आवाजातली खरखर कमी करणं, ईसीजीची थरथरती रेषा स्वच्छ करणं, या कामांत हीच कृती सतत चालू असते.

यंदा आमच्या आठवीच्या मुलांना टिंकरिंग लॅबमध्ये ही कृती प्रत्यक्ष भेटली. आर्डुइनो उनोला प्रकाश मोजणारा सेन्सर जोडला होता. त्यावरून ० ते १०२३ मधला आकडा मिळतो आणि तो सारखा थरथरतो. मुलांनी ठरवलं, लागोपाठच्या तीन नोंदींची सरासरी घेऊ. म्हणजे नोंदींच्या रांगेचं १/३, १/३, १/३ या रांगेशी कन्व्होल्यूशनच की.

पण या छोट्या चिपमध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा वेगळा भाग नसतो. ते करता येतं, पण वेळखाऊ पडतं. म्हणून आपण किराणा दुकानात करतो तीच युक्ती वापरतात. साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे. सगळा हिशेब पूर्ण पैशांत करायचा आणि शेवटी रुपये सांगायचे. दशांशचिन्हाची जागा आधीच ठरलेली, म्हणून याला फिक्स्ड-पॉइंट म्हणतात. संगणक मात्र रुपयाचे १०० ऐवजी २५६ भाग करतो. आपण १०० ने भागताना चिन्ह दोन घरं सरकवतो, तसं संगणकाला २५६ ने भागायला द्विमान अंक आठ घरं सरकवले की झालं.

आता १/३ म्हणजे २५६ पैकी किती? ८५ आणि वर थोडं. मुलांनी ८५, ८५, ८५ घेतलं. बेरीज २५५ झाली, एक भाग हरवला. नोंद कायम २०० असली, तरी उत्तर २०० × २५५ ÷ २५६, म्हणजे १९९ आणि वर थोडं. वरचं सोडलं की १९९. तीच गाळणी पुन्हा लावली की १९८. काहीच बदललेलं नसताना उजेड दर फेरीला एकाने कमी! एक मुलगी म्हणाली, "सर, शंभर रुपये तिघांत वाटताना एकाला पैसा जास्त देतो ना आपण?" बरोब्बर. ३३.३३, ३३.३४, ३३.३३. तसंच ८५, ८६, ८५ घेतलं आणि बेरीज २५६ झाली.

पुढचा प्रश्न, २५६ ने भागायचं कधी? एका गटाने प्रत्येक गुणाकारानंतर लगेच भागून पूर्णांक ठेवला. २०० साठी त्यांना ६६, ६७, ६६ मिळाले, बेरीज १९९. दुसऱ्या गटाने आधी बेरीज केली, ५१२००, आणि एकदाच भागलं. उत्तर चोख २००.

मात्र दुसऱ्या गटाचा प्रोग्रॅम चालवला तेव्हा गंमत झाली. अंधाऱ्या खोलीत १०० ही नोंद नीट आली. खिडकी उघडून नोंद १५० झाली, तर पडद्यावर उणे १०६! उणे उजेड असतो का? मी उत्तर दिलं नाही, त्यांनाच शोधू दिलं. उनोवरच्या साध्या पूर्णांकात ३२७६७ पर्यंतच संख्या मावते. १५० × २५६ म्हणजे ३८४००, भांडं ओसंडलं. जुन्या मीटरचा काटा शेवटच्या आकड्यानंतर पहिल्या आकड्यावर येतो, तसं झालं. वर्गात हिशेब मांडला: ३८४०० − ६५५३६ = −२७१३६, त्याला २५६ ने भागलं की −१०६. तंतोतंत. बेरजेसाठी मोठं भांडं, म्हणजे बत्तीस बिटांची संख्या घेतल्यावर प्रोग्रॅम ठीक चालला. दुसऱ्या गटाची पद्धत बरोबरच होती, पण शेवटपर्यंत थांबायचं तर तोवरचं सगळं मावेल एवढी जागाही लागते.

ही लॅबपुरती गोष्ट नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक नुसते कापले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२० च्या आसपास घसरला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. पैशाच्याही छोट्या अंशाची गळती, पण रोजची आणि एकाच दिशेची.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. "दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढा" असं सांगताना कोणत्या पायरीला, हेही सांगूया. चक्रवाढ व्याजात दर वर्षाला आसन्न किंमत घेणारं मूल आणि शेवटी एकदाच घेणारं मूल, दोघांची उत्तरं वेगळी येतात. दुसऱ्याचं उत्तर उत्तरपत्रिकेशी जुळलं नाही म्हणून गुण कापण्याआधी त्याची रीत पाहूया. आणि पालकहो, घरी मुलाचं उत्तर काही पैशांनी चुकलं तर "पाढे पाठ नाहीत" म्हणण्याआधी विचारा, "कापलंस कुठे?"

वर्गात करून पाहण्यासाठी: २०० हा आकडा घ्या. ८५, ८५, ८५ ची गाळणी दहा वेळा लावा, दर वेळी अपूर्णांक सोडून द्या. मग ८५, ८६, ८५ ने तेच करा. दोन्ही रांगा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना बोलू द्या.