एक किलो सुंभ

‘कुटुंबवत्सल’ या शब्दात वाईट काय आहे? काहीच नाही. मित्राला निरोप देताना जो बोलायला उठला तो हा शब्द वापरूनच खाली बसला आणि दर वेळी मीही मान डोलावली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तरी रेवसला लाँचमध्ये बसल्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत माझ्या कानात आमचे मराठीचे गुरुजी ओरडत होते, “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही!”

नववीत असताना हे त्या मित्राला ऐकवलं गेलं होतं. अपराध काय होता ते विसरलो. माफी मागायची होती आणि तो मागत नव्हता, एवढं आठवतं. गुरुजींना श्लेषाची हौस. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी आणि सुंभ म्हणजे मठ्ठ, हे दोन्ही अर्थ त्यांनी वर्गाला चवीने समजावले. पोरं खिदळली. हा उभा राहून शांतपणे म्हणाला, “गुरुजी, जळलेला सुंभ तुम्ही बघितलाय?” पुढे त्याला काय मिळालं ते सांगायला नको.

शाळा सुटल्यावर तो मला ओढत वाडीत घेऊन गेला. विहिरीमागे आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. खुंटीवरच्या वेटोळ्यातून त्याने वीतभर सुंभ तोडला, टोक निखाऱ्याला लावलं आणि तुकडा धोंड्यावर ठेवला. मला वाटलं, भडकेल. सुंभ भडकत नाही. एक तांबडा ठिपका मुंगीच्या चालीने पुढे सरकत राहतो आणि मागे राखाडी दोरी पडून राहते, दोन्ही पेड एकमेकांत तसेच, तंतू मोजून घ्यावेत असे. मी नीट बघायला वाकलो, माझा श्वास लागला आणि धोंड्यावर चिमूटभर राख उरली.

“बघ,” तो म्हणाला. “कुणी जवळ येत नाही तोवरच ते खरं.”

चौदाव्या वर्षी त्याला यातून काही गहन सुचवायचं होतं असं मी म्हणणार नाही. गुरुजी चुकले, एवढंच त्याला दाखवायचं होतं.

पण म्हण काही माझी पाठ सोडेना. ती करणाऱ्याने सुंभ कधी वळला होता, की नुसताच जाळला होता? आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालत, मग बडवून काथ्या सोडवत. सुटा काथ्या पोरसुद्धा तोडील. एकेक पेड एका अंगाला पिळायचा आणि दोन पेड मिळून वळायचे ते उलट्या अंगाला. दोघेही सुटायला बघतात, पण एक सुटायला लागला की दुसरा आवळतो, म्हणून दोरी होते. म्हणजे सुंभात पिळाशिवाय आहे काय? तो जळला नाही म्हणून नाक मुरडायचं कशाला?

ताणतोय मी हे, कळतंय. पण या अरबी समुद्रातली जुनी गलबतं खिळ्यांनी ठोकलेली नसत, काथ्याने शिवलेली असत. मार्को पोलोने तेराव्या शतकात होर्मुझला ती पाहिली आणि असल्या जहाजात बसणं धोक्याचं, असा शेरा मारला. त्याच होर्मुझहून पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन निघाला आणि आमच्या चौलला उतरला. २००२ साली रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक झालं. मी गावी गेलो की मित्र मला तिथे नेणारच, जणू पाहुणा त्यांच्याच पडवीत झोपून गेला होता. जुन्नरच्या खानाने घोडा कसा हिसकावला, धर्म बदललास तर देतो कसं म्हणाला, मग रदबदली होऊन घोडा कसा परत मिळाला, हे तो खानाच्या आवाजासकट सांगे. शेवटाला मात्र त्याचा आवाज उतरायचा. निकितिन घरी पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच गेला. त्याच्या वह्या तेवढ्या मॉस्कोला पोहोचल्या आणि त्यामुळे आज तो आपल्याला माहीत आहे. मित्राला वह्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. “घरी कोण वाट बघत होतं रे त्याची?” तो दर वेळी विचारी. मला कधी उत्तर देता आलं नाही.

हा प्रश्न त्याचाच असणार. पन्नास वर्षांत तो माझ्या मुंबईच्या घरी एक रात्रही राहिला नाही. जेवण अर्धं टाकून शेवटची लाँच गाठायचा. आधी ‘आई जागी असते’, मग ‘पोरं झोपत नाहीत’, मग ‘नातू दारात बसतो’. आमच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा कुलाबा आहे. १९८१ साली त्याचा रायगड झाला, पण याची कारणं तीच, फक्त माणसं बदललेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने त्याच्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. साठी उलटलेली असताना त्याने पुन्हा रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. “कुणासाठी लावतोस?” मी फोनवर विचारलं. “शिंपायची सवय आहे,” म्हणाला.

आणि हाच माणूस हद्दीवरच्या दोन माडांपायी धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हता. हे त्यानेच मला सांगितलेलं. ते दोन्ही माड वादळात आडवे झाले. मी म्हटलं, “आता माड राहिले नाहीत, मग?” तर म्हणतो, “माड नाहीत. हद्द आहे.” यावर मी गुरुजींची म्हण ऐकवली आणि आम्ही दोघे पोटभर हसलो.

त्याला निरोप दिला त्या सकाळी अंगणात बांबूंवर सुंभ आवळत होता तो धाकटा भाऊच. दुसरं टोक माझ्या हातात होतं. “दादा, जरा ताणून धरा,” तो म्हणाला. बांबूला पाय लावून त्याने एकेक गाठ अशी ओढली की काथ्या करकरला. माझ्या तळव्याला वळ उठले.

नंतर मुलाशी बोलताना मी सहज म्हणालो, “तुझे बाबा आणि धाकटे काका, शेवटी तरी बोलायला हवे होते.” तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. “बोलायचे की काका. रोज सकाळी, वाडीत. नाही बोलत असं कोण म्हणालं तुम्हाला?”

तुझा बाप म्हणाला, असं कसं सांगायचं? मग ते अकरा वर्षांचं भांडण काय फक्त माझ्यासाठी चालू होतं? माफी न मागणारा पोरगा मला आवडतो, हे ओळखून त्याने तो माझ्यापुरता जपून ठेवला असेल का? की मुलगाच आता घरातली चीर लिंपतोय? की रोजचं ते बोलणं म्हणजे ‘पंप कधी सोडतोस’ एवढंच? भावाला फोन करून विचारता येईल. नंबर आहे. केलेला नाही.

परवा बाजारात सुंभ शोधला. पहिल्या तीन दुकानांत नायलॉन दाखवलं. चौथ्या दुकानदाराने आवाज खाली आणला. “कोण गेलं?” “मित्र.” “बांबू, मडकं?” “नको. सुंभच हवाय, वीतभर.” त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि किलोचं बंडल वजनकाट्यावर ठेवलं. कमी देत नाहीत म्हणे.

गॅलरीत फरशीवर एक तुकडा जाळला. ठिपका तसाच सरकला. मागे राखाडी काहीतरी राहिलं. चष्मा आत टेबलावर होता, तो आणायला मी उठलो नाही.

उरलेलं बंडल माळ्यावर टाक म्हटलं, तर बायको म्हणाली, “असलं सामान घरात ठेवत नाहीत.” तिचंही बरोबर आहे. सध्या ते दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर आहे.