चिनी ग्वोथिये, घरच्या खिम्याचे

कळंब्यात आमच्या पोरांना गाडीवरचे मोमो हवे असतात आणि दादीचा एकच सवाल असतो, "खिमा कुठला?" उत्तर मिळालं नाही की आम्ही रिकाम्या हाताने परततो. पोरं हिरमुसतात. म्हणून आता आम्ही तव्यावरचे चिनी मोमो घरीच करतो.

चीनमध्ये त्यांना ग्वोथिये म्हणतात, म्हणजे भांड्याला चिकटलेले. तिथले हुई मुसलमान डुकराऐवजी मटण किंवा बीफ भरतात. त्यांच्या हॉटेलांवर 'छिंगझन', म्हणजे हलाल, अशी पाटी असते. हे कळलं तेव्हा दादीही राजी झाली.

मैदा गरम पाण्यात मळतो. मटणाच्या बारीक खिम्यात आलं, लसूण, कांद्याची पात, मीठ, मिरपूड. चिनी कृतीत बऱ्याचदा तांदळाची दारू असते. तिच्याऐवजी आम्ही दोन चमचे पाणी घालतो, खिमा रसाळ राहतो. दादी करंजीसारखी मुरड घालते. थोड्या तेलात तळ लालसर झाला की अर्धी वाटी पाणी ओतून झाकण ठेवायचं. आठ-दहा मिनिटांनी झाकण काढून पाणी आटवायचं. खाली कुरकुरीत, वर मऊ.

पोरांना नुसतं नाही म्हणणं सोपं असतं. त्यांच्या हौसेला हलाल वाट काढून देणं, हेही घरच्यांचंच काम आहे.